दोन इंच माया

आधी ते चहाचे कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी मी हे सांगत होते, तर एकीला असा ठसका लागला की बाकीच्यांना तिची पाठ चोळावी लागली. हसा खुशाल! पण एक ठरलेलं लग्न माझ्या जिभेपायी मोडायची वेळ आली होती, एवढं ध्यानात ठेवा.

तर, इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, साडीचे फॉल, कधी मुलींचे नाचाचे पोशाख. लग्नाचा अख्खा पोशाख मात्र पहिल्यांदाच हाती आला, तोही माझी मैत्रीण सुनीता हिच्या लेकीचा. रियाने डिझाइन स्वतः काढलं होतं: आईच्या पैठणीचा घागरा आणि वर मागून हुकांची चोळी. मी पैठणीला कात्री लावली तेव्हा सुनीता दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. बघवेना तिला!

रियाची अट एकच. "मावशी, एकदम फिट. एक इंचसुद्धा एक्स्ट्रा नको. आय ॲम ऑन अ डाएट."

आता मला सांगा, नवरीची चोळी कुणी मापाला माप शिवतं का? शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडावंच लागतं, म्हणजे वेळेला उसवून सैल करता येतं. त्या कापडाला आम्ही शिवणारे काय म्हणतो? माया! किती गोड शब्द. त्यानेच घात केला.

लग्नाला दहा दिवस होते. मी सुनीताला व्हॉइस मेसेज पाठवला. "काळजी करू नकोस. माया मी आत लपवून ठेवलीय. रियाला कळू देऊ नकोस, उगाच चिडेल. निहारला तर लग्नानंतरही कळायचं नाही. गरज पडली की माया बाहेर काढू."

निहार म्हणजे नवरा मुलगा, तिकडे मिशिगनमध्ये ॲन आर्बरला रिसर्च करतो. आणि माझ्या फोनमध्ये 'सुनीता'च्या खालीच 'सुनीताची रिया'. माझं बोट नेमकं कुठे पडलं, ते सांगायला हवं का?

दोन मिनिटांत रियाचा फोन.

"मावशी, माया आहे?"

मला वाटलं, पकडले गेले. आता खरं बोलून मोकळं व्हावं.

"हो गं बाळा. पहिल्या दिवसापासून आहे."

"ओ माय गॉड! आईला माहितेय?"

"तीच तर म्हणाली, असू दे."

"आणि निहार?"

"पुरुषांना काय कळतंय त्यातलं! अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? सगळ्यांच्याच लग्नात असते. तुझ्या आईच्या लग्नातसुद्धा होती."

"बाबांच्या लग्नात?" रिया किंचाळली आणि फोन कट!

मला बापडीला काय ठाऊक, की निहारच्या लॅबमध्ये माया नावाची मुलगी होती?

पुढचे दोन दिवस रिया आईशी बोलेना, माझा फोन घेईना. मी आपली समजत होते, पोरीला दोन इंचांचा राग आलाय! शुक्रवारी ती ट्रायलला आली, ती डोळे सुजवून. मागोमाग गोंधळलेली सुनीता. आणि तिच्या मागे निहार, पाच तास ड्राइव्ह करून थेट माझ्या दारात.

"मावशी, आता सगळ्यांसमोर सांग. माया कुठेय?"

"इथेच. कपाटात."

निहार कपाटाकडे बघतच राहिला.

मी चोळी काढली, उलटी केली आणि शिवण दाखवली. "ही बघ माया. दोन इंच आहे नुसती, आणि तूही काय गं!"

सुनीताने कपाळावर हात मारला आणि हसत हसत खालीच बसली. रियाच्याही चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. पण निहारला शिवणकामातलं मराठी काय कळणार? तो आपला घाबरून बोलतच सुटला.

"रिया, शपथ! मायाबरोबर फक्त प्रोजेक्ट होता. आणि काव्याबरोबर तर एकदाच कॉफी, तू भेटायच्या आधी!"

"काव्या कोण?"

निहारचा चेहरा पांढराफटक. रिया माझ्याकडे वळली. "मावशी, हा पण शिवणकामातला शब्द आहे का?"

आयुष्यात मी कधी खोटं बोलत नाही हो. पण लग्न आठवड्यावर आलेलं!

"हो तर," मी म्हटलं. "काव्या म्हणजे अस्तर. आतून लावतात ते."

मग चोळी घालून पाहिली. दोन दिवस रडत रडत आइस्क्रीम खाल्लेलं, हुक कुठले लागायला! माया उसवली, तेव्हा कुठे चोळी बसली. रियाने आरशासमोर गिरकी घेतली, पैठणीचे मोर फिरले, आणि सुनीताचे डोळे भरून आले.

लग्नाच्या दिवशी दोघं हार घेऊन समोरासमोर उभी. भर हॉलमध्ये रिया ओरडली, "मावशी, बघ ना, माझी काव्या दिसतेय!"

निहारच्या हातातून हार सटकला. मी सेफ्टी पिन घेऊन धावले. मी वाकले तशी रिया कानात म्हणाली, "अस्तर मला माहितेय, मावशी. त्याने त्याच दिवशी सगळं सांगितलं. यू आर अ टेरिबल लायर!" आणि दोघं अशी हसली, की भटजी मंगलाष्टकं विसरले.

पण तिच्या मैत्रिणींना हे कुठे ठाऊक? जेवणाच्या रांगेत चौघींनी मला गाठलं. "काकू, आमच्या लेहंग्यालाही काव्या लावून द्याल का?"

आता काय करणार? मी आपली तोंड शिवून विचारते, "सॅटिनची लावू, का कॉटनची?"