दारातलं चऱ्हाट

आमची जीप गंगाखेडच्या घरासमोर थांबली तेव्हा दारात चपलांचा खच पडला होता. बायका ओसरीवर, माणसं अंगणात निंबाखाली. माझी सहा वर्षांची लेक खिडकीतून बघून म्हणाली, "आई, आपल्याकडं लगीन हाय का?"

लग्न नव्हतं. भावकी तिला शेवटचं भेटायला आली होती.

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडं आजवर कॅन्सरचं माणूस दवाखान्यातून घरी आलं, ते डॉक्टरनं हात टेकल्यावरच आलं. लेकराच्या रक्ताच्या कॅन्सरवर पहिला महिना वॉर्डात काढायचा, मग घरी राहायचं, ठरल्या दिवशी सकाळी जाऊन औषध घ्यायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा उपचार कुणी पाहिलाच नव्हता. नवऱ्यानं फोनवर "घरी आणायलोत" एवढंच सांगितलं. बाकीचं लोकांनी आपल्या अनुभवानं जुळवलं. माझ्या सासूबाईंच्या चुलत सासूबाई, घरातल्या सगळ्यांच्या मोठ्या आजी, तोंडाला पदर लावून पुढं आल्या आणि लेकीचे गाल धरायला त्यांनी दोन्ही हात उचलले. मी मधे उभी राहिले.

मी सरळ बोलणारी बाई आहे. माझे वडील मानवतच्या मोंढ्यात हमाली करायचे. पोती उचलून त्यांनी मला बीए केलं. माहेरी काय आणि सासरी काय, माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. ती पदवी कुठं कामाला आली असं कुणी विचारलं, तर मी त्या दुपारचं नाव घेते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मी पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं होतं. तेच भरल्या अंगणात आमच्या बोलीत सांगितलं. औषध रोगाला मारतंय, पण अंगातल्या राखणदारांनाही मारतंय. दुसऱ्याची साधी सर्दी हिला झेपणार नाही. पोरगी मरायला आलेली नाही, बरी व्हायला आलेली आहे. पण तुमचे हात, तुमचा खोकला आणि तुमचे पेढे उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत.

पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई.

"भेटायला आलेल्या माणसाला दारातून लावून द्यायचं? कालिजात हेच शिकिवलं का गं तुला?"

माळ्यावर पंचमीच्या झोक्याचं जाडजूड चऱ्हाट गुंडाळून ठेवलेलं असायचं. ते मी काढलं आणि ओसरीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधलं. भेटायचं तर चऱ्हाटाच्या पलीकडून. लेकीला बाकी कशाचं काही नव्हतं. मग माझा झोका, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझी औषधं संपली की हेच चऱ्हाट सोडून निंबाला बांधू. तिनं माझ्याकडून शपथ घेतली. मीही घेतली. पण चऱ्हाट सोडायचा दिवस यावा, याच्यापलीकडं मला त्या दिवसापासून जगात दुसरं काही नको होतं.

ज्यांच्या घरी हे नव्यानं आलंय त्यांना सांगते, दिवसाचा उपचार म्हणजे अर्धा दवाखाना घरी आणणं. दवाखान्यातला अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. आधी रक्त तपासायचं, मग रिपोर्ट येईपर्यंत बसायचं, आणि पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच औषध चढवायचं. पहिल्यांदा औषध न देता परत पाठवलं तेव्हा मी जीपमध्ये रडले. नंतर कळलं की असं होतं. उपचार चुकत नाही, अंग थोडी उसंत मागतं. एका औषधानं पोरीला अशी भूक लागायची की भरल्या ताटावरून उठता उठता ती पिठलं मागायची, आणि चिडली की वाटी भिरकवायची. दुसऱ्या औषधानं त्याच पिठल्याचा वास नको व्हायचा. उकळलेलं पाणी, तव्यावरून उतरलेली भाकरी, काकडी-बिकडी सगळं कच्चं बंद. केस गेले तेव्हा मी घाबरले होते, पण ती बापाच्या टकलावर हात फिरवून म्हणाली, "आता आपून दोघं सारखे."

चऱ्हाटामुळं मात्र माणसं दुखावली. काहींनी येणं सोडलं. नवऱ्याच्या दुकानात येऊन त्याला टोमणे मारले, की तुमच्या घरी आता तिकीट लागतंय म्हणे. आणि अशातच घरचे स्वामी यायचा दिवस आला.

आमचं घर लिंगायत, शिवभक्तांचं, लहानथोरांच्या गळ्यात इष्टलिंग असतंच. जंगम स्वामी, म्हणजे आमचे गुरू, घरी आले की त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांनी घ्यायचं, पिढ्यान्‌पिढ्याची रीत. सासूबाईंनी पाट मांडला, परात ठेवली, तांब्या भरला. मला काही सांगितलं नाही, पण नातीला पहिलं तीर्थ द्यायचं हे त्यांच्या मनात ठरलेलं होतं. शेजारच्या बायका बघायलाच आल्या होत्या, की ही बीए झालेली आता स्वामींनाही अडवते का.

अडवलं. चऱ्हाटाच्या अलीकडून दंडवत घातला आणि सगळं सांगितलं. तीर्थाचंही सांगितलं.

स्वामींनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "लेकराच्या गळ्यात लिंग हाय ना?"

"हाय, स्वामी. रोज पूजा करती."

"मग देव तिच्यापाशीच हाय की. मी आत जाऊन येगळं काय करणार?"

आणि पाट अंगणात घ्यायला लावून ते चऱ्हाटाच्या पलीकडं मांडी घालून बसले. लांबूनच हात वर करून आशीर्वाद दिला. सासूबाईंनी भरलेला तांब्या तुळशीला ओतला.

जिथं स्वामी बसले, तिथं बसायला मग कुणाला कमीपणा वाटला नाही. रुसलेले परत आले. वर्गातल्या पोरी शाळेतल्या गोष्टी पलीकडून ओरडून सांगायला लागल्या. मोठ्या आजी तर रोज यायच्या, चऱ्हाटाला धरून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "मेली न्हाईस व्हय गं अजून?"

"तुमी न्हाई मेलात व्हय अजून?" आतून उत्तर जायचं. दोघी खिदळायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चुलीवरचं सोडून बाहेर धावले. नंतर एखाद्या दिवशी हे ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

खरी परीक्षा एका दुपारी झाली. लेक मलूल दिसली म्हणून ताप मोजला, तर शंभराच्या वर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ताप आला की घरी गोळी द्यायची नाही, सकाळची वाट बघायची नाही, फोन करायचा आणि निघायचं. मी फोन लावत होते. तेवढ्यात शेजारीण चऱ्हाटावरून तापाची गोळी पुढं करून म्हणाली, एवढी देऊन बघा, तास-दोन तासात उतरंल.

माझ्याआधी सासूबाई बोलल्या. "गोळी नगं. गोळीनं ताप दडतो, आजार हटत न्हाई."

माझंच वाक्य होतं, फक्त त्यांच्या तोंडून जास्त खरं वाटलं. त्या तशाच अनवाणी दुकानाकडं गेल्या, लेकाला शटर ओढायला लावलं आणि आमच्याआधी जीपमध्ये जाऊन बसल्या. आधी ठरवून दिल्याप्रमाणं परभणीच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन झालं, मग तसेच पुढं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. ताप हटायला बरेच दिवस लागले, पण हटला. तुम्ही वेळेत आणलंत म्हणून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाल्या, "हिला इचारा. ही आमची बीए हाय."

पुढं सलाईनं सरली, गोळ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी शाळेला परवानगी दिली, केस आले, पहिल्यापेक्षा कुरळे. चऱ्हाटाची तशी गरज उरली नव्हती, पण लेक कुणाला सोडू देईना. औषधं संपली की सोडायचं असं ठरलंय म्हणायची, आणि शाळेतून आली की त्याच्याखालून वाकून आत यायची. सगळं मिळून दोन वर्षांच्या वर गेलं. यंदा पंचमीच्या तोंडावर शेवटची गोळी झाली. तपासण्या पुढंही राहणार आहेत, पण औषध संपलं.

गाठ इतकी घट्ट बसली होती की सुटेना. नवरा विळा आणायला निघाला, तर लेकीनं त्याला थांबवलं. कापलं तर झोक्याला पुरायचं नाही. मग तिनं आणि सासूबाईंनी मिळून नखांनी, दातांनी ती गाठ सोडवली. चऱ्हाट निंबाला गेलं. गल्लीतल्या सगळ्या बायका अंगणात होत्या, पहिल्या दिवशी होत्या तेवढ्याच, आणि दारात तसाच चपलांचा खच.

लेक उभ्यानं झोका घेऊन निंबाचा पाला पायानं झोडपून आली. खाली उतरली तेव्हा मोठ्या आजी तिच्यासमोर गेल्या. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी तिचे गाल धरले, कानशिलावर बोटं मोडली, आणि काही केल्या सोडेनात.

"बास की," लेक म्हणाली. "आता तुमी बसा. मी झोका देते."