नकारांची वही

ती वही अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतली पोरं वापरतात तसली. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण तपास कसा करावा हे मला शिकवलं त्या वहीच्या मालकाने. त्याचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पाचोऱ्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि कापसाची वेचणी जोरात होती. त्या दिवसांत गावं सकाळपासून ओस पडतात, घराला कडी लावून बायाबापड्या सगळी शेतात. घरफोडीच्या फिर्यादी याच हंगामात जास्त येतात.

बुधवारी सकाळी एका गावचे पोलीस पाटील सायकल दामटत ठाण्यात आले. आदल्या संध्याकाळी गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरात पेटीचा कोयंडा उपटलेला सापडला होता आणि त्याच्या म्हाताऱ्या आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली होती. मंगळवारी सकाळी पेटी शाबूत होती, मी स्वतः पाहिली, असं म्हातारीचं म्हणणं. तिला गावात सगळे अक्का म्हणत.

पाटलांनी दुसरीही खबर आणली होती. रविवारी एक परका माणूस गावात दारोदार फिरत होता. तुमच्याकडे कुलूप आहे का, कोणतं आहे, नीट लागतं का, असं विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा.

"साहेब, इतका बिनधास्त चोर मी पाहिला नाही," पाटील म्हणाले.

दुपारी तो एस.टी. स्टँडवर आयताच सापडला. जळगावचा, मेहरूणकडे राहणारा, तिशीतला सडपातळ माणूस. पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी, एक कोरं पितळी कुलूप आणि ती वही. वहीत घराघराची नोंद: कुठे नुसती साखळी, कुठलं कुलूप गंजलेलं, कोणतं घर दिवसभर रिकामं. हवालदाराने ती माझ्यापुढे धरली आणि हसला. मला वाटलं, चला, केस झाली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"साहेब, अलिगढहून कुलपं मागवायचा विचार आहे. पण त्याआधी ती खपतील का, ते बघतोय."

"माल कुठंय?"

"अजून घेतला नाही."

"दुकान?"

"तेही नाही. मागच्या वर्षी सगळ्या बाया हो म्हणाल्या म्हणून मी प्लास्टिकच्या चाळण्या भरल्या. त्या अजून घरात पडून आहेत. म्हणून या खेपेला आधी विचारतोय, मग घेणार."

आता तुम्ही तरुण मंडळी हसाल. आज म्हणे लोक काही विकायच्या आधी महिना महिना चौकशी करतात, कशाला मागणी आहे ते तपासतात. तेव्हा आमच्या भागात दुकानदार आधी माल भरायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचा. ज्याच्याकडे विकायला काही नाही तो गिऱ्हाईक शोधत फिरतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. हवालदाराने आणखी दोन दिल्या. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही.

तासाभराने तो म्हणाला, "हो साहेब. मीच घेतली."

"माळ कुठंय?"

"विहिरीत टाकली."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण तिच्यावरून मुद्देमाल निघाला, तर तो मात्र टिकतो. म्हणून आम्ही त्याला दोर लावून भर गावातून विहिरीवर नेलं. ओट्याओट्यावर माणसं उभी होती. दोन पट्टीचे पोहणारे उतरवले, गाळात हात घालघालून दमले, काही निघालं नाही. मग तो म्हणाला, नाल्यात टाकली. नंतर म्हणाला, बसमध्ये विसरली. परत येताना तो एकदाच आपणहून बोलला. "साहेब, आता या गावांत मला दार कोण उघडेल? माझा धंदाच दारावरचा आहे."

मी त्याला गप्प बसवलं.

गुरुवारी कोर्टात हजर करायचं होतं. सकाळी रिमांडचा कागद लिहायला बसलो आणि पुरावा म्हणून जोडायची वही पहिल्यांदा नीट वाचली. दर दिवसाच्या नोंदींवर वार आणि गाव. हो म्हणणाऱ्यांपुढे नुसती बारीक रेघ. नाही म्हणणाऱ्यांचं मात्र बोलणं जसंच्या तसं उतरलेलं. 'चावी कोण सांभाळेल.' 'शेजारी बसलेले असतात.' 'घरधनी आणेल तेव्हा.'

मी त्याला लॉकअपमधून बाहेर बोलावलं. "नकार कशाला लिहितोस?"

"साहेब, हो काय, कोणीही म्हणतं. दारात आलेल्या माणसाला वाईट कशाला वाटू द्यायचं. नाही म्हणताना माणूस खरं कारण सांगतो."

मी पुन्हा पानं उलटली. त्या गावाचं रविवारचं पान. अक्काच्या घराची नोंद होती: 'पेटीचा कोयंडा उपटलेला, सुतळी बांधली आहे. आजी म्हणाल्या, आते कुलूपमा ठेवाले काय ऱ्हायनं?'

त्याच्याखाली सोमवारी केलेल्या दुसऱ्या गावाच्या डझनभर नोंदी होत्या. म्हणजे हे मागाहून घुसडलेलं नव्हतं. मंगळवारी शाबूत असलेली पेटी रविवारीच फुटलेली होती आणि कुलपात ठेवायला आता काही उरलं नाही, हे अक्का चोरीच्या दोन दिवस आधीच बोलून बसली होती. आणि आम्ही आपले साप साप म्हणून भुई धोपटत होतो. फिर्याद कोणत्या घराची, हेसुद्धा त्याला सांगितलं नव्हतं, नाहीतर त्यानेच हे पान दाखवलं असतं. चोराला काय सांगायचं, असा आमचा खाक्या.

मी एकटाच गावात गेलो. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी वहीतलं वाक्य वाचून दाखवलं. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला.

"मीच दिन्हं, भाऊ. मन्ही पोरले," ती म्हणाली.

भाऊबीजेला लेक आली होती. माळ लेकीला द्यायची अक्काची इच्छा. पेटीची चावी मुलाकडे, आणि तो देऊ देत नव्हता. तिनेच कोयत्याच्या टोकाने कोयंडा उपटला. मग मंगळवारी हट्टाने सगळ्यांबरोबर वेचणीला गेली, म्हणजे घर रिकामं राहील आणि चोर येऊन गेला असं वाटेल.

"बठ्ठं पोरेसलेच का? ती बी मन्हीच शे." सगळं मुलांनाच का, लेकही तिचीच होती. मग खालच्या आवाजात तिने विचारलं, "त्या माणूसले मारं का तुम्हीन?"

मी वही मिटली. माळ तिची, तिने दिली. मग चोरी कसली? गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून केस बंद करायला मी कोर्टात 'क' समरी, म्हणजे तसा अहवाल, पाठवली. मुलाला समजावलं. तो चार दिवस आईशी बोलला नाही म्हणे, नंतर बोलला.

त्या माणसाला सोडताना मी माफी मागितली. फौजदाराने माफी मागायची पद्धत नव्हती, हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हणालो, "शनिवारी मी तुझ्याबरोबर गावात येतो. दारोदार फिरू. माझ्या तोंडून कळलं की लोक दार उघडतील."

त्याने वही पिशवीत घातली. गालावर वळ अजून दिसत होता.

"नको साहेब. पाटलांना एवढं सांगा की मी चोर नाही. तुम्ही बरोबर असलात तर सगळे हो म्हणतील. त्या होचा मला उपयोग नाही."

तो निघून गेला. त्यानंतर पुढच्या सगळ्या नोकरीत मी संशयितावर हात उचलला नाही. हाताखालच्यांनी उचलू नये म्हणून भांडलो, दोन वरिष्ठांची नाराजीही ओढवून घेतली. मला नंतर कबुल्या कमी मिळाल्या, हे खरं आहे. पण बुधवारी ठाण्यात मार खाऊन त्याने मला जे दिलं होतं, ते असलंच एक हो होतं, आणि तेवढ्यावर मी त्याला तुरुंगात पाठवायला निघालो होतो.