चर्चमधले पूर्वज

बाळांनो, दिवाळीच्या व्हिडिओत चर्चमधला तो चकचकीत पितळी पत्रा पाहून तुम्ही सिडनीहून लिहिलंत, "आजी, सो शायनी." ते कौतुक मला घेता येत नाही, म्हणून आजच लिहिते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

पार्सिपनीजवळच्या ज्या चर्चचा हॉल आमचं मंडळ दिवाळीला घेतं, तिथे बोळात तो पत्रा लावलेला आहे. पाचएकशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश जमीनदाराच्या थडग्यावरचा. इथल्या एका जुन्या घराण्याने आपले पूर्वज म्हणून तो इंग्लंडहून आणला. नवरा-बायको हात जोडून उभे, खाली मुलांची रांग, सगळं बारीक रेघांनी कोरलेलं आणि काळं पडलेलं.

आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात, चांदीचे बोटभर पत्रे. सणाला ते चिंचेने घासतात. घासून घासून नाकडोळे पुसट होतात, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. आमच्या डोक्यात तेच होतं.

"पूर्वज असे काळे, आणि आपण चकल्या खायच्या?" नागपूरच्या काकू म्हणाल्या. मी चिंच कोळली. हाताने काळं निघेना, तेव्हा तुमच्या आजोबांनी गाडीतून ड्रिल आणून त्याला तारेचा ब्रश लावला.

"तुमचे मिस्टर काही रिटायर होत नाहीत," काकू मला म्हणाल्या.

"पाच मिनिटांचं काम आहे," आजोबा म्हणाले. ते खूश होते. मग पत्र्यावरच्या नवरा-बायकोला आम्ही हळदकुंकू लावून व्हिडिओ काढला.

रविवारी मी मंडळाचं सामान आवरायला गेले, तर त्या घराण्यातली शेवटची बाई आलेली. नव्वदीची. ती मुलीकडे ॲरिझोनाला कायमची निघाली होती आणि पत्र्याचा ठसा तिला सोबत हवा होता. वर कागद ठेवून काळं मेण फिरवलं, की कोरलेल्या रेघा पांढऱ्या उमटतात. तिने मला कागद धरायला सांगितला. पत्र्यावरच्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा गोल उतरला. तिने दुसरा कागद लावला. पुन्हा तेच.

मी तिला सगळं सांगितलं. आजोबांचं ड्रिल, माझी चिंच, काहीच गाळलं नाही.

"माझी आई म्हणायची, हिचं नाक माझ्यासारखं आहे," ती हळूच म्हणाली. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "तुम्ही चांगल्या मनाने केलंत." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. माझी मान वर होईना.

दोन्ही कागद तिने नीट गुंडाळून नेले. आजोबांना हे घरी सांगितलं. ड्रिल त्यांनी गाडीतून काढून तळघरात ठेवलं.

पत्र्यावर जे खोल कोरलेलं होतं, तेवढं राहिलं आहे: जमीनदाराची तलवार, बाईच्या झग्याच्या चुण्या, तिच्या पायाशी बसलेलं कुत्रं आणि मुलांचे जोडे.