नणंदेचा पुढचा दात

कवळीबाईनं थोरल्या नणंदेचा पुढचा दात मुद्दाम मळका करून सूड उगवला, अशी कुजबुज होती. ज्याला कान होते त्यानं ती ऐकली, आणि ज्याला तोंड होतं त्यानं तिखटमीठ लावून पुढे ढकलली.

कवळीबाई म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि सुटे दात करून देणारी कारागीर. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, कोपऱ्यात डब्याएवढी भट्टी. गावातल्या निम्म्या हसण्यात तिचा हात होता. उरलेल्यांचे दात अजून पडायचे होते.

नणंद माहेरी यायची ती तपासणीला. कपाटावरून बोट फिरवून बघायची आणि बोट स्वच्छ निघालं की तिचा दिवस वाया जायचा. तिचा दात तुटला अक्रोड फोडताना, आणि अक्रोडही दुसऱ्याच्या घरचा.

कवळीबाईनं तिला खिडकीत बसवलं, नमुन्याच्या दातांची पट्टी ओठाशी धरली, छटा निवडली आणि दात केला. डॉक्टरांनी तो फोनवर बोलत बोलत बसवून टाकला. इतक्या वर्षांत तिचं काम तपासायची वेळच आली नव्हती. नणंद घरी गेली, आरशात बघून हसली, आणि तिथंच थांबली. बाकीचे दात पांढरे, हा एक चहा पिऊन झालेल्या कपाच्या तळासारखा.

घरच्यांना तर्क लढवायला कितीसा वेळ लागणार? गेलं वर्षभर ही धड बोलत नाही, कुणाकडे जात नाही, दिवसाढवळ्या दिवा लावून बसते. मनात काळंबेरं असल्याशिवाय का माणूस इतकं गप्प राहतं? नवऱ्याचे पाय दोन दगडांवर. बहिणीपुढे मान हलवायचा, बायकोपुढेही हलवायचा. बायको उजेड कमी पडतो म्हणाली की बिचारा आणखी मोठा बल्ब आणायचा. शेवटी खोली ऑपरेशन थिएटरसारखी लखलखली, तरी ती म्हणाली, जरा मंदच वाटतंय.

शेजारणी मात्र खूश होत्या. एकीनं तर मागच्या दारानं येऊन तिचा हात हातात घेतला. "माझ्या जावेची कवळी तुझ्याकडेच यायचीय," ती हळूच म्हणाली. "तेवढं बघ."

दातांचे डॉक्टरही पोट धरून हसले. "नणंदेचा ना? मग माफ. परक्याच्या तोंडात असं झालं तर मात्र काम दुसरीकडे जाईल."

म्हणजे अफवेनंच तिचं काम वाचवलं होतं. ती गप्प बसली असती तर निभावलंही असतं. पण टेबलावर एका शिक्षिकेचे पुढचे दोन दात वाट बघत होते. तिनं पट्टी उजेडात धरली. शेजारशेजारच्या चार छटा तिला एकच दिसल्या. चष्मा पुसला, तरी एकच. ती उठली आणि जबडा पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेली.

"तो दात मी मुद्दाम नाही केला. मला छटाच दिसत नाहीत."

डॉक्टरांचं हसू मावळलं. कारागीर खोडसाळ असली तर चालते, न दिसणारी कशी चालेल? जबडा त्यांनी ठेवून घेतला आणि आधी डोळे तपासून या म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिनं शेवटची ओळही घडाघडा वाचली. डोळे ठणठणीत. मग त्यांनी विचारलं, जेवणाला चव लागते का, झोप येते का, शेवटचं कधी हसलात? या शेवटच्या प्रश्नावर तिनं इतका वेळ लावला की त्यांनी मनाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहायला घेतला.

त्या बाईंनी नवऱ्यालाही समोर बसवलं. उदासी काही नुसती मनात बसून राहत नाही, त्या म्हणाल्या. मेंदूत हुरूप जागवणाऱ्या रसायनांपैकी एक डोळ्याच्या पडद्यातही राबतं, उजळ आणि गडद वेगळं दाखवायला. त्याचं काम बिघडलं की काही जणांना जग फिकट, एकसारखं दिसतं. सगळ्यांनाच तसं होत नाही, आणि यातलं पुष्कळसं अजून आम्हालाही कळलेलं नाही.

"म्हणजे इतके बल्ब मी उगाच आणले?" नवरा म्हणाला.

"उगाच कशाला? चुकीच्या खोलीत लावले."

नणंदेला हे मुळीच पटलं नाही. खुनशी भावजय चारचौघांत मिरवता येते. आजारी निघाली तर तिला बघायला जावं लागतं.

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला त्या बाईंशी बोलणं सुरू झालं. कित्येक महिन्यांनी एका सकाळी नणंद आली आणि कुणाची तरी फजिती सांगताना खदखदून हसली. कवळीबाई बघतच राहिली.

"वन्सं, हा तर दोन छटा गडद झालाय. बसा खिडकीत, नवा करून देते."

नणंदेनं पटकन ओठ मिटले. "राहू दे. लोकांना दाखवायला हवा ना काहीतरी."

दातांचे डॉक्टर पुन्हा तिच्याकडे काम पाठवू लागले. आता दात बसवताना ते फोन खाली ठेवतात. नणंद अजून तो दात दाखवून सुडाची गोष्ट सांगते.

खरं एवढंच आहे की त्या वर्षी कवळीबाईला नैराश्याचा आजार होता. जवळच्या छटांतला फरक तिला दिसत नव्हता. तो दात तिनं जमेल तितका चांगला केला होता.