तुळशीच्या काड्यांचं जंगल

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. मी चौतीस वर्षांचा. दुष्काळ नुकताच सरला होता आणि हिरवं काही बघायला डोळे आसुसले होते. म्हणून आमच्या भवानी पेठेतल्या मंडळानं ठरवलं, औंदा गणपतीपुढं घाटातल्या जंगलाचा देखावा करायचा आणि त्यातून खेळण्यातली आगगाडी पळवायची. विजेवर चालणारी ती गाडी मंडळाच्या अध्यक्षांनी मुंबईहून आणली. अध्यक्ष म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. जंगल मी अंगावर घेतलं.

शिकलो तिसरीपर्यंत. पण चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होतो, रंग मला कळायचा. झाडाची खोडं कशाची करायची याचा मात्र लई विचार केला. दुष्काळात दारोदारच्या तुळशी वाळल्या होत्या. वाळली तरी तुळस कोणी उकिरड्यावर टाकत नाही, बायकांनी वळचणीला खोचून ठेवलेल्या. तिच्या काड्यांना फांद्या फुटतात त्या थेट मोठ्या झाडासारख्या. गणपतीला तुळस वाहत नाहीत, म्हणून पुजाऱ्याला विचारलं. "वाहू नका, देखाव्यात लावा खुशाल," म्हणाला. मग बायकांनी आपापली तुळस आणून दिली. मागाखालचं वाया गेलेलं सूत हिरव्या रंगात बुडवलं, वाळवलं, बारीक कातरून डिंकानं काड्यांवर डकवलं. सगळं एकाच हिरव्यात नाही. कुठं पिवळसर, कुठं काळपट. खाली रंगवलेला भुसा पसरला. मागं मांजरपाटाचा पडदा, त्यावर लांबचे डोंगर निळीनं रंगवले. जितका लांब तितका फिका.

दाजी हसले. "पावणं, डोंगर कुटं निळं असत्यात व्हय? धुण्याची नीळ सांडली जनू!"

"घाटातनं एकदा गेलोय की, दाजी. लांबचा डोंगर निळाच दिसतो. जरा मागं सरून बगा."

मागं सरून त्यांनी बघितलं आणि आगगाडीचे रूळ मांडायला वळले.

गाडी बोगद्यातून निघून झाडांत शिरली की लोक माना लांबवून बघायचे. माझे हात कोपरापर्यंत हिरवे. रंग साबणानं जात नव्हता, आणि खरं सांगतो, जायला नकोच होता. गल्लीतनं मी हात दाखवतच चालायचो. देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येतील, विचारतील, दाजी माझ्याकडं बोट करतील, एवढीच आस होती.

परीक्षक संध्याकाळी आले. त्यातले एक चष्मा सावरत झाडांपाशी वाकले. "अगदी खरं जंगल! कुणी केलं हे?"

मी गर्दीतून एक पाऊल पुढं टाकलं.

"मुंबईहून मागवलंय, साहेब," दाजी म्हणाले. "गाडीसंगट आख्खं आलं."

पाऊल तिथंच राहिलं. शेजारची म्हातारी पुटपुटली, "आगं बया, ती वाकडी तर माज्या दारातली तुळस हाय की!" सुनेनं तिला चिमटा काढला. आमच्यात बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. बहीण त्याच्या घरात नांदत असते.

आमचं मंडळ शेवटचं होतं, म्हणून परीक्षकांनी तिथल्या तिथं पहिला नंबर सांगितला. हार दाजींच्या गळ्यात. नंतर मांडवामागं मी विचारलं, "दाजी, असं का केलं?"

"मंडळाचं भलं बगा, पावणं. रंगखात्यातल्या तिसरी शिकलेल्या मानसानं केलं म्हटल्यावर कोन वाकून बगतंय? मुंबईचं म्हटलं की वजन पडतं."

वाकून तर परीक्षक आधीच बघत होते. परक्यानं असं म्हटलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. दाजींपुढं हिरवे हात मागं घेतले आणि घरची वाट धरली.

घरी बायको म्हणाली, "हात तुमचं हिरवं, आन जंगल मुंबईचं? ह्ये बरं हाय!" हसणार होती, पण माझं तोंड बघून थांबली. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाची बादली, सुताचं बोचकं आणि आमच्या दारच्या तुळशीची उरलेली जुडी घेऊन मी मांडवाच्या तोंडाशी, भर रस्त्यात बसलो. दाजी आरतीला आले. उठून त्यांना वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा, आणि परत बसलो. लोक जमू लागले.

"काय चाललंय हो?" कुणीतरी विचारलं.

"मुंबईचा माल हाय," मी म्हणालो आणि काडी डिंकात बुडवली.