तळमजल्याचा आवाज

लिफ्टकाकांना लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की अजूनही त्यांचे कान टवकारतात. बाकीची माणसं लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघतात, नाहीतर आरशात केस सारखे करतात. काका मान वर करून ऐकतात. मग अगदी सहज, शेजारी कोण उभं आहे याचा विचार न करता बोलून जातात, "हिचं ब्रेकचं दुखणं जुनं दिसतंय." पुढच्या मजल्यावर निम्मी मंडळी उतरतात आणि जिन्याची वाट धरतात.

विमा कचेरीच्या जुन्या इमारतीतली लिफ्ट मात्र ते दुखणं शोधायला ऐकत नसत. अधूनमधून काहीतरी निमित्त काढून ते तिथे जायचे, सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत जाऊन तसेच खाली यायचे आणि घरची वाट धरायचे. रखवालदाराला वाटायचं, म्हातारा विसरभोळा आहे. तसं काही नव्हतं. त्या लिफ्टमध्ये काकूंचा आवाज होता.

लिफ्ट नुकत्याच बोलायला लागल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. काकांच्या कंपनीच्या मालकांना बोलणारी लिफ्ट हवी होती, पण बोलणारी बाई शोधायचा खटाटोप नको होता. "तुमच्याच कुणाच्या तरी घरात बरा आवाज असेल की," ते म्हणाले. काकांच्या घरात तो होता. काकू दवाखान्याच्या टेलिफोनवर बसायच्या. माणसं तिकडे तणतणत फोन करायची आणि आभार मानून ठेवायची, असा तो आवाज. काकांनी जेवणाच्या टेबलावर उशा रचल्या, मध्ये माइक ठेवला आणि काकूंकडून सगळे मजले म्हणवून घेतले. पुढे गावभरच्या लिफ्टमध्ये काकू बोलू लागल्या. काका सहकाऱ्यांना सांगायचे, "घरून निघालो तरी सुटका नाही."

हे सगळं भरलं होतं मिनीडिस्कवर. काडेपेटीहून जराशी मोठी, चपटी प्लॅस्टिकची डबी आणि तिच्या पोटात चमचमती तबकडी. काकांच्या खिशात तेव्हा हिचं यंत्र कायम असायचं. बिघडलेल्या लिफ्टच्या मोटारीजवळ माइक धरायचा, आवाज भरायचा, निवांत बसून ऐकायचा, दुखणं कळलं की डिस्क पुसायची आणि पुढच्या लिफ्टकडे निघायचं. डिस्कच्या कोपऱ्यात एक इवलीशी पट्टी असते. ती सरकवली की डिस्कला कुलूप लागतं, मग काही पुसता येत नाही. काकांनी ती पट्टी जन्मात कधी सरकवली नव्हती. पुसायचंच तर कुलूप कशाला, हा त्यांचा हिशेब. काकूंनी म्हणून आपल्या आवाजाच्या डिस्कवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि बजावलं होतं, "हिला हात लावायचा नाही."

पुढे लिफ्ट म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून बदलल्या गेल्या. काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. काकू वाचल्या, आवाज वाचला नाही. उरला तो घोगरा, फाटका, कुजबुजीच्या जवळपासचा. घरात त्या काकांशी तेवढ्यावर भागवायच्या, बाहेर मात्र तोंडाला कुलूप. परगावच्या लेकीशीसुद्धा फोनवर बोलायच्या नाहीत. काका फोन टेबलावर ठेवायचे आणि काकू बोटाने टिचकी मारायच्या. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि टिचक्यांचा पाऊस म्हणजे तुझ्या बाबांचं काही खरं नाही.

तर काका असेच एकदा विमा कचेरीत गेले आणि पाहतात तो लिफ्ट नवीकोरी. दार मिटलं आणि कुणी एक परकी बाई परीटघडीच्या आवाजात म्हणाली, "पहिला मजला." काका पहिल्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने खाली आले.

घरी येऊन त्यांनी सगळी कपाटं उपसली. काकूंचे फोटो ढिगाने निघाले, आवाज मात्र कुठेच नाही. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, तर त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. त्यात काकू भरभरून बोलतायत आणि ऐकू येतेय सनई. शेवटी माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यात डिस्क सापडल्या. लाल ठिपकाही होता. शेजारी यंत्र होतं, पण त्यातला सेल फुटून आत हिरवी बुरशी माजली होती.

आता ती यंत्रं कोण विकतं? चौकशी करता करता काका एका औषधवाल्यापर्यंत पोचले. या गृहस्थाला जुन्या यंत्रांचं वेड. दुकानात पुढे खोकल्याची औषधं आणि मागे मिनीडिस्कची फौज. त्याने काकांना एक चालू यंत्र दिलं, कॉम्प्युटरला जोडायची वायर दिली आणि समजावलं, "डिस्क वाजवायची, कॉम्प्युटरवर भरून घ्यायची. जितकी लांब डिस्क, तितका वेळ. घाई चालत नाही."

काकांना घाई नव्हतीच. हातात पुन्हा ते यंत्र आलं, सवयीने त्याला जुना माइकही जोडून झाला आणि माणूस विशीत गेला. दिवसभर घरात जुन्या लिफ्ट कण्हू लागल्या. लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, घरात कोण आजारी आहे?"

"कुणी नाही गं. गोदामाची मालवाहू लिफ्ट आहे."

"ती घरात काय करतेय?"

टेबलावर टिचक्यांचा पाऊस पडला.

ताटातलं गोड शेवटी खावं तशी काकांनी लाल ठिपक्याची डिस्क शेवटी ठेवली होती. काकू भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी ती यंत्रात घातली. कॉम्प्युटरला जोडण्याआधी एकदा आपलं आपण ऐकून घ्यावं म्हणून फक्त हेडफोन लावला. "तळमजला." तोच आवाज, स्वच्छ, थोडा हसरा. "पहिला मजला. दुसरा मजला." काका डोळे मिटून थेट गच्चीपर्यंत गेले. "दार उघडत आहे. दार बंद होत आहे." मग शांतता.

आणि मग काकांच्या बोटांनी घात केला. मिटल्या डोळ्यांनी, आयुष्यभर केलं तेच केलं. ऐकून झालं, पुसा. यंत्र भलं होतं, त्याने पुसण्याआधी दोनदा विचारलं. बोटांनी दोन्ही वेळा हो म्हटलं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर अक्षरं होती, डिस्क रिकामी.

घाबरलेला माणूस करतो तेच काकांनी पुढे केलं, दिसेल ते बटण दाबलं. त्यातलं एक रेकॉर्डिंगचं होतं हे त्यांच्या चटकन लक्षात आलं आणि त्यांनी ते बंद केलं.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. सकाळी चहा निवला. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, जीभ दाखवायला लावली आणि मग समोर खुर्ची ओढून बसल्या. नवरा गप्प बसला की काहीतरी मोडलंय, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

"तुझा आवाज पुसला मी," काका म्हणाले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "गेला तर गेला. मी त्याला केव्हाच सोडलंय."

"तू सोडलंस. मी नाही सोडलं," काका म्हणाले. आवाज चढलाय हे त्यांचं त्यांनाच कळलं. "इतकी वर्षं तुझं ऐकतोय. मला सवय आहे त्याची. मला तो हवाय."

काकू उठल्या, आपली पिशवी आणली, त्यात यंत्र आणि डिस्क ठेवली आणि चपला पायात सरकवल्या. औषधवाल्याकडे दोघं बरोबर गेली.

औषधवाल्याने आधी गिऱ्हाइकाला मलम दिलं, मग काकांना धीर. "काका, पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. या डिस्कच्या सुरुवातीला पुस्तकासारखी एक अनुक्रमणिका असते. पुसलं की तेवढीच फाटते, पानं जागच्या जागी असतात. फक्त त्यावर नवीन काही भरलेलं नको. तुम्ही भरलं नाहीत ना?"

"थोडंसं," काका पुटपुटले.

"मग सुरुवातीचं थोडंसं गेलं. बाकीचं आणू." आणि त्याने युक्ती सांगितली. दुसरी एक डिस्क घ्यायची, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शांतता भरायची. मग तिच्या नावात एखादं अक्षर बदलायचं. यंत्र नवी अनुक्रमणिका लिहायला तयार झालं की त्याच्या नकळत डिस्क बदलायची, म्हणजे ते ती अनुक्रमणिका आपल्या डिस्कवर लिहून टाकतं. "पण झाकण उघडलं की यंत्राला कळतं. तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं. आत दाराचा बारीक खटका आहे, तो..."

काका एकदम हसले. कालपासून पहिल्यांदाच. खटका दाबून धरायचा, म्हणजे दार उघडं असूनही यंत्राला वाटतं की बंद आहे. लिफ्टच्या दारात काडी खुपसून हाच चावटपणा करणाऱ्यांना त्यांनी नोकरीभर फैलावर घेतलं होतं. एकाला तर मजल्यामजल्यावर सगळ्यांसमोर झापलं होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर पुन्हा उशा आल्या, या वेळी यंत्र हलू नये म्हणून. काकांनी खटक्यात दात कोरायची काडी बसवली. झाकण उघडलं, यंत्राला पत्ता नाही. शांततेची डिस्क आत होती. ती काढून लाल ठिपक्याची तितक्याच अलगद बसवायची होती. पण काकांच्या बोटांवर आता कुणाचाच भरवसा नव्हता, खुद्द त्यांचा तर मुळीच नाही. काकूंनी त्यांना बाजूला सारलं, भुवया कोरायचा चिमटा आणला आणि काम असं केलं की जणू रोज सकाळी हेच करतात. काकांनी बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, थांबलं. पडद्यावर एकच लांबलचक नोंद आली.

काकांनी या वेळी आधी कॉम्प्युटरची वायर जोडली, दोनदा ओढून पाहिली, भरणं सुरू केलं आणि मगच डिस्क वाजवली.

सगळ्यात आधी काकाच बोलले. "काय करून बसलास रे गाढवा." कालचा गोंधळ तळमजल्यावर चढून बसला होता. काकूंचे खांदे हसून गदगदा हलले. आणि मग त्यांचा जुना आवाज आला, "पहिला मजला." त्यापाठोपाठ, "अहो, असं टक लावून बघू नका माझ्याकडे. मला हसू येतं."

काका चमकले. हे त्यांनी भरलं त्याच वेळी पुसलं होतं. लिफ्टला मजले हवे होते, गप्पा नव्हे, म्हणून त्यांनी तेव्हा मधलं सगळं काढून फक्त स्वच्छ शब्द ठेवले होते. त्या दोन्ही वेळच्या पुसण्याखाली सगळं जसंच्या तसं पडून होतं. दुसरा मजला, आणि दूध उतू गेलं म्हणून धावत गेलेल्या चपला. तिसरा मजला, आणि छोट्या लेकीचा प्रश्न, "आई, तू त्या डब्यात मावशील?" चौथा मजला, आणि मोठ्याने, मनापासून, खोलीभर हसणं. मग काकांचा तरणा आवाज, "पुन्हा एकदा म्हण." काकू म्हणतायत, काका पुन्हा म्हणतायत, "पुन्हा एकदा." शेवटी काकू, "दार बंद होत आहे. आणि आता माझं तोंडही बंद होत आहे. जेवायला चला."

डिस्क थांबली. काका रडत होते आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. चूक केली नसती तर हातात नुसते मजले आले असते.

त्या रात्री त्यांनी ते सगळं लेकीला पाठवलं. सकाळी सकाळीच तिचा फोन आला. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, पण सुरुवातीला तुम्हीच का? तळमजला कुठे गेला?"

काका सांगायला लागणार, तेवढ्यात काकूंनी हात करून त्यांना थांबवलं. टेबलावरचा माइक स्वतःपुढे ओढला आणि डोळ्यांनीच यंत्राकडे खूण केली. काकांनी घाईघाईने नवी डिस्क घातली. फोन चालूच होता. काकूंनी घसा साफ केला, त्याचा काही उपयोग नव्हता.

"तळमजला," त्या म्हणाल्या. घोगरं, फाटकं, अर्धं हवेत विरलेलं. "बाळ, ऐकू आलं का?"

पलीकडून टेबलावर वाजवल्यासारखी एक टिचकी आली.

काकांनी पुन्हा एकदा म्हण असं सांगितलं नाही. रेकॉर्डिंग बंद केलं, अनुक्रमणिका लिहून होईपर्यंत थांबले आणि डिस्क बाहेर काढली. मग चष्मा लावून कोपऱ्यातली ती इवलीशी पट्टी शोधली आणि नखाने सरकवली.