सरांना आवडलेलं वाक्य

भंडाऱ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होते. पीएच.डी.चा विषय होता अमेरिकेतल्या काळ्या लेखिकांच्या कादंबऱ्यांमधला मायलेकींचा संवाद आणि त्यातला मुकेपणा. हे ऐंशीच्या दशकातलं. असला विषय घेतल्याबद्दल स्टाफरूममध्ये हसणारे होतेच. नागपूरचे माझे गाइड सरही सुरुवातीला म्हणाले होते, "यात संशोधन करण्यासारखं काय आहे?"

मुलगी सहा महिन्यांची होती. तिला सांभाळायला लाखांदूरकडच्या गावाहून माझी माय आली होती. मायला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी ती तांदूळ निवडायची आणि मी तिला कादंबऱ्या सांगायची, आमच्याच बोलीत. ती मधेच अडवायची. "मंग लेकीनं काय म्हटलं?" त्या बायका दुसऱ्यांची धुणी धुतात, मालकिणीसमोर एक बोलतात आणि घरी दुसरंच, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

एका कादंबरीतली आई लेकीशी कधीच गोड बोलत नव्हती. त्या नात्याचा अर्थ मला लागत नव्हता, प्रकरण महिनाभर अडलं होतं. माय म्हणाली, "ते रागावून नाही राहिली, बाई. जगाचा मार घरातच शिकवून राहिली. बाहेर कमी लागावा म्हणून."

मी उठले आणि ते इंग्रजीत लिहून काढलं. त्यावरच पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं.

ते प्रकरण वाचून सर एका रविवारी पत्नीला घेऊन जेवायला आले. नवरा ड्यूटीवर होता. सकाळीच मी मायला म्हटलं होतं, "तू जास्त बोलू नको हं त्यांच्यासमोर."

"काहून?"

"मोठी माणसं आहेत."

गुडघ्यापर्यंतचं लुगडं सोडून तिनं माझी जुनी साडी नेसली.

माय वाढत होती. सरांनी गावाकडच्या तांदळाची तारीफ केली. मग म्हणाले, "तुमचं ते वाक्य! मार घरातच शिकवण्याचं. मी विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. कुठून सुचलं हो?"

माय वरणाचं भांडं घेऊन माझ्यामागेच उभी होती. आपलेच शब्द तिनं ओळखले असणार.

"वाचता वाचता सुचलं, सर," मी म्हणाले.

सरांच्या पत्नीनं ग्लास पुढे केला. "बाई, पाणी आणा जरा." आणि माझ्याकडे वळून, "चांगली बाई मिळाली तुम्हाला. आमच्याकडे टिकतच नाहीत."

ही माझी आई आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी हसले. मायनं पाणी आणून दिलं आणि रडणाऱ्या बाळाला घेऊन आत गेली.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. ती भांडी घासत होती. "माय, मले सुचलंच नाही गं त्या वेळी," मी म्हणाले.

"होते असं," ती म्हणाली. "जेव तू. भात थंडा होऊन राहिला."

तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी मी स्वतःहून पुढची कादंबरी सांगायला बसले. ती म्हणाली, "राहू दे. मले का समजते त्यातलं?"

पुढे मला पदवी मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीला मी सरांचे, नवऱ्याचे आणि ग्रंथपालाचे आभार मानले आहेत. मायचं नाव घालावं असं टाइप करायला देताना वाटलं होतं. सरांना काय सांगायचं, या भीतीनं घातलं नाही. बाईमाणसाच्या मुकेपणावर मी अडीचशे पानं लिहिली होती.

त्यानंतरही माय वर्षातून एकदा यायची. एकदा मी कॉलेजातून लवकर परतले, तर ती शेजारच्या क्वार्टरच्या पायरीवर चारपाच बायकांत बसून काहीतरी सांगत होती. हातवारे करत, मोठ्यानं, आपल्या बोलीत. बायका हसून बेजार झाल्या होत्या. मी फाटक उघडलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आली का? चहा मांडतो." आणि घरात निघून गेली.